पॅरोल म्हणजे रजा की सुटका?

कॅलिफोर्नियातली एक बातमी मराठीत करतोय. जन्मठेपेच्या कैद्याला तिथल्या पॅरोल बोर्डाने (पॅरोल द्यायचा की नाही ते ठरवणारं मंडळ) पॅरोल नाकारला, पुढची सुनावणी ५ वर्षांनी. मी 'अभिवचन रजा नाकारली' लिहिलं तर मित्र म्हणतो चूक. का बरं? आणि मग फर्लो म्हणजे काय?

—

मित्राचं बरोबर आहे दादा. अभिवचन रजा हा आपल्या महाराष्ट्रातल्या जेलचा शब्द, फर्लो-पॅरोल नियमांतला पॅरोल, त्यात माणूस ठरलेल्या दिवसांपुरता घरी येतो आणि परत आत जातो. शब्द मात्र फार सुंदर बनवलाय, पॅरोल मुळात फ्रेंच, अर्थच 'शब्द', युद्धकैदी पुन्हा लढणार नाही असा शब्द देऊन सुटायचे, ते वचन मराठीत टिकलं. फर्लो म्हणजे संचित रजा, शिक्षा भोगून कमावलेली, तिचे दिवस शिक्षेत धरतात, पॅरोलचे धरत नाहीत. आमच्या आळीतला एकजण लेकीच्या लग्नाला पॅरोलवर आलेला, हळद चालू असताना मांडवातून उठून पोलीस ठाण्यात हजेरीची सही करून आला. सगळे म्हणत 'सुटून आलाय', पण तो सुटला कुठे होता!

अमेरिकेत पॅरोल मिळाला की माणूस खरंच बाहेर पडतो, मग अधिकाऱ्याची देखरेख, अटी मोडल्या तर परत आत. म्हणून तिथल्यासाठी 'सशर्त मुक्तता' लिहा. जामीन तर अजिबात नको, जामीन खटला चालू असताना किंवा अपील चालू असताना, हा शिक्षेचा मोठा भाग भोगून झाल्यावर.

—

आणि 'कोर्टाने नाकारला' असंही लिहू नका, बोर्ड गुन्हा पुन्हा तपासत नाही. कॅलिफोर्नियात मुख्य प्रश्न एकच, हा माणूस आज बाहेर सोडला तर धोका आहे का. तुरुंगातलं वागणं, बाहेर राहायची-कामाची सोय, पीडितांच्या घरच्यांचं म्हणणं, सगळं ऐकतात. नाकारलं तर ३, ५, ७, १० किंवा १५ वर्षांनी पुढची सुनावणी, आणि खुनाच्या केसमध्ये बोर्ड हो म्हणालं तरी गव्हर्नर ते फिरवू शकतो. तिथे 'इनसाइट' शब्द सारखा येतो, त्याला लोक पश्चात्ताप लिहितात ते मला पटत नाही. रडून माफी मागणं वेगळं, आणि आपण हे का केलं, कशाने त्या थराला गेलो हे स्वतःला कळणं वेगळं. त्याला आपला साधा शब्द आहे, उमज.

—

'उमज' अगदी बसला, बोर्डाच्या निर्णयात तेच लिहिलंय, त्याला अजून स्वतःच्या गुन्ह्याची उमज नाही. मथळा 'सशर्त मुक्तता नाकारली' करतो.