मदत हवी आहे: जुन्या पिकअपचं पुढचं चाक हालायलंय

गोदाकाठ
पिकअपचं पुढचं चाक हालायलंय. पन्नासच्या पुढं गेलं की स्टिअरिंग थरथरतंय, खड्ड्यातून काढली की खालून खट्‌ आवाज येतोय. परवा गंगाखेडहून परभणीला कापसाचं भाडं धरलंय. नेमकं काय बदलावं लागंल ते लवकर सांगा.

मोंढ्यातला टेम्पो
कोणत्या बाजूचं चाक? मॉडेल किती सालचं? पुढं पाटे (पट्ट्यांचे स्प्रिंग) आहेत का कॉइल स्प्रिंग? एवढं कळल्याशिवाय कुणी काय सांगणार दादा? तोवर व्हील नट बघा. नटाभोवती गंजाचा तांबडा ओघळ असंल तर नट सैल होऊन रिम घासलीय असं समजा. भोकं लांबट झाली असतील तर नुसतं आवळून भागत नाही, रिम बदलावीच लागते.

काळी माती
स्टिअरिंग थरथरतं म्हणजे बॅलन्सिंग गेलंय. माझ्या गाडीचं असंच होत होतं. बॅलन्सिंग, अलाइनमेंट दोन्ही केलं, आता गाडी एकदम सरळ चालते. लातूरला करून घ्या.

लेथवाला नांदेड
काळी माती, ते चाक हालतंय म्हणायलेत, खट्‌ आवाज पण सांगितलाय. सांधा ढिला असताना अलाइनमेंट केलं तर मशीनवर आकडे बरोबर येतील आणि पहिल्या खड्ड्यात पुन्हा बिघडतील. पैसे फुकट जातात. ढिलाई काढल्यावर अलाइनमेंट, आधी नाही.

गोदाकाठ
डावं चाक. २००९ चं मॉडेल, पुढं पाटेच आहेत. नट आवळून झालेत. पुढं बोला.

जालन्याचा ड्रायव्हर
मग बेअरिंग. शंभर टक्के. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून हबला (चाकाचा मधला भाग, बेअरिंग त्यातच असतं) हात लावून बघा, एका बाजूचा जास्त तापला असंल तर विषयच संपला. बदलून टाका.

गोदाकाठ
बेअरिंग दिवाळीतच बदललंय भाऊ. म्हणून तर विचारायलोय.

मोंढ्यातला टेम्पो
अहो, हे पहिल्याच ओळीत सांगायला पाहिजे होतं!

जालन्याचा ड्रायव्हर
मग बसवणाऱ्यानं जुना कपच (बेअरिंग ज्यात फिरतं ती बाहेरची कडी) ठेवला असणार. हबमधला कप आणि बेअरिंग ही जोडीनंच बदलायची असते. नाहीतर कप नीट तळाला बसलेला नसंल, गाडी चालली की तो सरकतो आणि प्ले (ढिलाई) येतो. चाक फिरवत फिरवत हबचा नट आवळा, मग थोडा मागं घेऊन नवी स्प्लिट पिन टाका. लई टाइट ठेवलं तर बेअरिंग निळं पडून जळतं.

लेथवाला नांदेड
तुमचं खरं असंल, पण अंदाजानं हब खोलायचं काम नाही. आधी तपासणी. मागच्या चाकांना दगड लावा, पुढचा एक्सल जॅकवर घ्या आणि खाली लाकडी ठोकळा ठेवाच. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली वाकू नका. टायर वर आणि खाली धरून हलवा. मग दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक लागला की हब आणि नकल (स्टिअरिंगबरोबर वळणारा, हब धरणारा भाग) एक होतात. प्ले गायब झाला तर बेअरिंग. तरी हाललं तर नकल आणि एक्सलच्या मधला सांधा, म्हणजे किंगपिन (नकल जिच्यावर वळतं ती उभी जाड पिन) नाहीतर तिचा बुश (पिनेभोवतीची नळी). चाक आडवं धरून हलवल्यावरच प्ले येत असंल तर टाय रॉडचे एंड बघा.

मराठवाडा परिवहन
एक लक्षात ठेवा, आठ वर्षांपुढच्या मालगाडीला दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट (पासिंग) लागतं. कागद संपले असतील तर आधी ते करा.

मोंढ्यातला टेम्पो
त्यांनी पासिंगचं विचारलंय का? चाक निघून पडलं तर कागद काय कामाचे!

मराठवाडा परिवहन
रस्त्यात अडवल्यावर कागदच विचारतात, भाऊ. चांगल्यासाठीच सांगायलोय.

गोदाकाठ
पोराला ब्रेकवर बसवलं. ब्रेक दाबला तरी वर-खाली हालायलंय. टॉर्च मारून बघितलं तर नकलचा खालचा भाग एक्सलपासून उघडझाप करतोय, फटीतून गंजाचं पाणी निघालंय. आडवं धरलं तर काही नाही.

लेथवाला नांदेड
मग किंगपिनच, खालचा बुश गेलाय. खालची ग्रीस निपल चिखलानं बंद आहे का बघा. आपल्याकडं काळ्या मातीत फिरणाऱ्या गाडीचं बहुतेक असंच होतं, ग्रीस गन लावली तरी ग्रीस बाहेरच सांडतं आणि आत बुश कोरडा राहतो. नवीन बसवल्यावर ग्रीस मारताना चाक उचलून मारा, वजन असताना खालच्या बाजूला ते नीट पोहोचत नाही.

जालन्याचा ड्रायव्हर
ब्रेकची ही खूण मला माहीत नव्हती. पण कप बघाच, हब उतरवणारच आहात.

गोदाकाठ
बघतो. दोन्ही बाजूच्या किंगपिन काढू का एकच? परवापर्यंत होईल का? आणि तोवर हळूहळू चालवली तर?

लेथवाला नांदेड
दोन्ही. उजवी तेवढीच चाललीय. किंगपिन किट आणा आणि बुश लेथवर प्रेस करून रीमरनं (भोक मापात करायचं हत्यार) मारून घ्या. हातोडीनं ठोकून, पॉलिश पेपरनं घासून बसवणाऱ्याकडं देऊ नका, स्टिअरिंग जड होतं नाहीतर महिन्याभरात पुन्हा ढिलं. सकाळी गाडी लावली तर संध्याकाळपर्यंत होतं. हळूहळू चालवायचं म्हणाल तर रिकामी गाडी गॅरेजपर्यंत न्या, तेवढंच. कापूस भरून अजिबात नाही.

काळी माती
आणि झाल्यावर अलाइनमेंट.

लेथवाला नांदेड
आता करा, आता बरोबर आहे.

गोदाकाठ
भाडं दुसऱ्या गाडीवाल्याला दिलं. परभणीत रीमर असलेला लेथवाला कुणाच्या माहितीत आहे का?

मोंढ्यातला टेम्पो
मोंढ्याजवळ ट्रॅक्टरची कामं करणारे लेथवाले आहेत, त्यांना विचारा. जाताना जुन्या बुशाचं माप आणि चासी नंबर घेऊन जा, किट दोन मापांत निघालं तर परत हेलपाटा नको.