एकाच पीसीवर दोन साइट, दोन्हीकडं दुकानच उघडायलंय!

मांजराकाठ (लातूर): घरच्या जुन्या पीसीवर सर्व्हर टाकलाय. काकांच्या कृषी सेवा केंद्राची साइट वर्षभर झकास चालू आहे. आता गावच्या यात्रेची दुसरी टाकली, डोमेन वेगळं. पण ते उघडलं की खत-बियाणाचंच पान! दोन दिवस झाले डोकं फोडायलो. यात्रा तोंडावर आलीय, लवकर सांगा.

भर_उन्हात (परभणी): सर्व्हरचं सॉफ्टवेअर कोणतं, अपाची का एन्जिनएक्स? काहीच न सांगता आम्ही काय पत्रिका बघून सांगायचं?

बालाघाट: कशाला हा उपद्व्याप? होस्टिंग विकत घ्या. मी घरी चालवून बघितलंय, लाइट गेली की साइट गेली.

भर_उन्हात: होस्टिंग घेऊ का, असं विचारलंय का त्यांनी?

बालाघाट: जूनमध्ये पहिलं वारं सुटलं की विचारतील.

मांजराकाठ: एन्जिनएक्स. दोन्ही डोमेन घरच्याच आयपीवर (नेटवरच्या पत्त्यावर). सेटिंगमधलं सर्व्हर नेम (साइटचं डोमेन) पण बरोबर आहे, चारदा बघितलं.

गोदाकाठ (नांदेड): आयपी एक असली तरी ब्राउझर डोमेनचं नाव सोबत पाठवतो, त्यावरून एन्जिनएक्स साइट निवडतो. ज्या पोर्टवर (सर्व्हरच्या दारावर) मागणी आली तिथं नाव कुठंच जुळलं नाही तर पहिला ब्लॉक (एका साइटची सेटिंग) जो असेल तो देऊन मोकळा. नव्या साइटची सेटिंग फाइल साइट्स-एनेबल्डमध्ये (चालू साइटच्या फोल्डरमध्ये) लिंक केली का?

मांजराकाठ: केली, रीलोड पण केलं. ते लाल धोक्याचं पान येतं त्यात ‘पुढे जा’ दाबलं की दुकान उघडतं.

गोदाकाठ: कोणतं लाल पान?! हे पहिल्यांदाच सांगायचं होतं की ओ! यात्रेचा ब्लॉक फक्त पोर्ट ८० वर (साधं http) ऐकतोय. ब्राउझर जातोय ४४३ वर (सुरक्षित https), तिथं एकटं दुकान, सर्टिफिकेटही (साइटचं ओळखपत्र) दुकानाचंच, म्हणून ते लाल पान. सर्टबॉट (सर्टिफिकेट काढून देणारा प्रोग्राम) चालवून यात्रेच्या डोमेनचं वेगळं सर्टिफिकेट घ्या, ४४३ चा ब्लॉक तोच लिहून देतो.

खरीप_२: सोयाबीनचं बियाणं आलंय का दुकानात?

बालाघाट: इन्व्हर्टरवर राउटर पण घ्या. नुसता पीसी चालू ठेवून काय उपयोग?

मांजराकाठ: झालं!! पालखीचा फोटो दिसायलाय. गोदाकाठ, यात्रेला या जेवायला.

खरीप_२: बियाणाचं काय झालं?

मांजराकाठ: काकांना विचारून सांगतो.