मदत हवी आहे: डोळा निरोगी, तरी दृष्टी 6/24. पट्टी की ऑपरेशन?

पिंपळपान:
मुलगी साडेचार वर्षांची. उजवा डोळा नाकाकडे वळतो. औषध घालून, बाहुल्या मोठ्या करून नंबर काढला: उजवा +5.50, डावा +3.00. चष्म्यासह दृष्टी उजवी 6/24 (म्हणजे इतरांना 24 मीटरवरून दिसतं ते हिला 6 मीटरवरून), डावी 6/9. मागचा पडदा तपासला, तो ठीक आहे. चष्मा दिवसभर, डाव्या डोळ्यावर रोज 2 तास पट्टी आणि 8 आठवड्यांनी पुन्हा तपासणी, असं सांगितलंय. चष्मा लावला की डोळा बराचसा सरळ राहतो, काढला की लगेच आत.

शंका तीन. डोळ्यात दोष नाही, मग दिसत का नाही? वाकडा डोळा सोडून चांगला का झाकायचा? आणि घरचे म्हणताहेत, एकदाच ऑपरेशन करून मोकळे व्हा. ('तिरळेपणा भाग्याचा' हेही ऐकून झालं.)

दुर्बीण:
पहिल्या शंकेचं उत्तर डोळ्यात नाही, डोक्याच्या मागच्या बाजूला आहे.

दोन डोळ्यांकडून आलेले तंतू मेंदूत शिरल्यावरही बराच वेळ एकमेकांत मिसळत नाहीत. मेंदूच्या आत खोलवर असलेल्या थॅलॅमसमधल्या थांब्यावर सहा थर असतात, तीन एका डोळ्याचे, तीन दुसऱ्याचे. तिथून ते दृष्टिकेंद्राच्या चौथ्या थरात उतरतात, तेही शेतातल्या सऱ्यांसारखे: एक सरी डाव्याची, तिच्या शेजारी उजव्याची, प्रत्येक साधारण 1 मिलिमीटर रुंद. त्याच्या वरच्या-खालच्या थरांत मात्र बहुतेक पेशींना दोन्हीकडून निरोप येतो. सुईत दोरा ओवताना अंतराचा जो नेमका अंदाज लागतो, तो या पेशींच्या जिवावर.

ही जोडणी वापरली तरच टिकते. ह्यूबेल आणि वीझल यांनी 1965 मध्ये मांजरीच्या पिल्लांच्या एका डोळ्याचा स्नायू कापून कृत्रिम तिरळेपणा केला. दोन्ही डोळ्यांना प्रतिसाद देणाऱ्या पेशी एरवी सुमारे 80 टक्के असतात, त्या 20 टक्क्यांवर आल्या. त्याआधी 1963 मध्ये त्यांनी एका डोळ्याची पापणी शिवून पाहिली होती. तेव्हा त्या डोळ्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशी जवळपास उरल्याच नाहीत. मोठ्या मांजरावर तोच प्रयोग केला तर असं काही होत नाही. म्हणून वयाला एवढं महत्त्व. (दोघांना 1981 चं नोबेल मिळालं.)

तुमच्या मुलीला दोन कारणं एकदम लागली आहेत. एक, डोळा वळल्याने दोन चित्रं जुळत नाहीत. मोठ्या माणसाला अशा वेळी एकाची दोन दिसतात. लहान मुलाचा मेंदू त्यातलं एक चित्र दाबून टाकतो. दुसरं, नंबरातला फरक. फोकस करायचा जोर दोन्ही डोळ्यांवर सारखाच पडतो. बिनचष्म्याचा डावा डोळा स्पष्ट पाहण्यापुरता जोर लागला की उजव्यात 2.50 ची धूसरता उरतेच, जवळ बघा नाहीतर लांब. त्या डोळ्याकडून बारीक तपशील मेंदूला कधी पोचलाच नाही.

म्हणून झाकायचा तो चांगला डोळाच. वाकडा झाकला तर मेंदू जे आधीच करतोय, त्यालाच हातभार.

कंदील:
ऑपरेशनबद्दल. चष्म्याने डोळा सरळ होतोय, याचा अर्थ तिरळेपणा मुख्यतः प्लस नंबरामुळे आहे. फोकस करणं आणि डोळे आत वळणं या क्रिया एकमेकींना बांधलेल्या आहेत; चष्म्याने फोकसचा ताण घेतला की वळणंही सुटतं. चष्म्याने जेवढं सरळ होतं, त्यासाठी स्नायूला हात लावत नाहीत. लावला तर पुढे डोळा बाहेर जायची भीती. चष्म्यानंतरही लक्षात येण्याइतकं उरलं तर तेवढ्यापुरतं ऑपरेशन, आणि तेही बहुधा दृष्टी सुधारून घेतल्यावर. शस्त्रक्रियेने डोळा सरळ होईल, 6/24 चं 6/9 होणार नाही.

आता पट्टी. ती त्वचेवर चिकटवायची, वरून चष्मा. नुसत्या काचेवर कापड लावलं तर मुलं हमखास कडेने बघतात. काढताना कोमट पाण्याने भिजवा. त्वचा लाल झाली तर रोज चिकटवायची दिशा बदला. खोबरेल लावायचं तर रात्रीच, नाहीतर सकाळी पट्टी टिकत नाही. पहिल्या आठवड्यात जिन्यावर आणि रस्त्यावर पट्टी नको, तिला खरंच कमी दिसत असतं. रंगवणं, मणी ओवणं उत्तम. पण जवळचंच काम हवं असा हट्ट नको, तुलना करून पाहिली तेव्हा लांबचं बघण्याने काही कमी झालं नव्हतं.

पिंपळपान:
2 ऐवजी 6 तास ठेवली तर लवकर होईल का? आणि पट्टीला अजिबात तयार नसेल तर?

दुर्बीण:
मध्यम 'आळशी डोळ्यात' (डोळा निरोगी पण मेंदूने न वापरल्याने दृष्टी कमी, त्याचं हे नाव; 6/24 मध्यममध्येच येतं) 2 आणि 6 तासांची तुलना 2003 मध्ये झाली. चार महिन्यांनी सुधारणा जवळपास सारखी. खरी गळती वेगळीच असते. पट्टीत मोजणी यंत्र बसवून पाहिलं, तर सांगितलेल्या वेळेच्या निम्म्याच्या आसपासच ती लागलेली निघाली. ढोबळ हिशोब धरा: 120 तासांना तक्त्यावरची एक ओळ. रोज प्रामाणिक 2 तास म्हणजे ओळीला दोन महिने. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका.

मनाने तास वाढवू नका. जास्त झाकलं तर चांगला डोळाच मागे पडू शकतो, म्हणून दर तपासणीत डावाही मोजतात.

पट्टी जमतच नसेल तर 1 टक्का अॅट्रोपिनचे थेंब (त्यांनी काही काळ जवळचं धूसर दिसतं) चांगल्या डोळ्यात, बहुधा शनिवार-रविवार, डॉक्टरांना विचारूनच. डाव्याला +3.00 असल्याने परिणाम बरा मिळायला हवा. थेंब घातल्यावर हात धुवा, बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका. चेहरा लाल होणं, तोंड कोरडं पडणं, ताप, असं काही दिसलं तर थांबवून लगेच कळवा.

कंदील:
दोन गोष्टी राहिल्या. तपासताना एकेक चिन्ह दाखवलं की पूर्ण ओळ, ते विचारा. आळशी डोळ्याला सुटं अक्षर ओळखता येतं, दाटीत तेच हरवतं. एकदा सुटं आणि एकदा ओळीत मोजलं तर खोटी सुधारणा किंवा खोटी घसरण दिसते. आणि दृष्टी सुधारल्यावर पट्टी एकदम बंद करू नका. थांबवल्यावर वर्षभरात साधारण चारातल्या एका मुलात दृष्टी पुन्हा घसरते, तास हळूहळू कमी केले तर प्रमाण कमी. चष्मा मात्र चालूच राहील. रोजचे खरे तास कॅलेंडरवर लिहा, बुडालेले दिवसही, आणि आठव्या आठवड्याला ते पान सोबत न्या. डॉक्टर पुढचा डोस त्यावरूनच ठरवतील.