रुग्णवाहिकेच्या कॉलवरून साथ ओळखावी का?

धागाकर्ता: पहाटवारा

साथ आली हे सरकारी आकड्यांत दिसेपर्यंत ती घराघरांत पोचलेली असते. माणूस दुखणं अंगावर काढतो, मग डॉक्टर, मग नमुना, मग प्रयोगशाळा, मग अहवाल. या साखळीत माहिती त्याच मिनिटाला नोंदली जाते अशी एक जागा आहे: रुग्णवाहिकेची कंट्रोल रूम. वेळ, पत्ता, वय आणि "काय होतंय?" याचं उत्तर, सगळं तिथे असतं.

न्यूयॉर्कने १९९८ मध्ये हे कॉल मोजायला सुरुवात केली, तीही मुख्यतः जैविक हल्ल्याच्या भीतीने. पुढे त्यांनी २,२०० दिवसांच्या आकड्यांवर पद्धत तपासली. फ्लूसाठी ७१ इशारे निघाले, त्यातले ६४ फ्लू शिगेला पोचण्याच्या थोडे आधी किंवा त्याच काळात आले होते. माझं म्हणणं सरळ आहे: जी नोंद रोज होतेच आहे, ती आरोग्य खात्याने रोज सकाळी पाहिलीच पाहिजे. न पाहणं हा हलगर्जीपणा आहे.

सूक्ष्मदर्शी

असहमत. मी प्रयोगशाळेत काम करते. "श्वास लागतोय" म्हणजे दमा, हृदयविकार, धूर, घबराट, न्यूमोनिया, काहीही. फ्लू हिवाळ्यात येतो हे सांगायला यंत्रणा कशाला हवी? त्याच तपासणीत दुसरी मांडणीही होती, नेहमीचा फ्लू वजा करून वेगळं काही दिसतं का हे शोधणारी. तिने २४ इशारे दिले. त्यातले २१ पुन्हा फ्लूच्याच काळातले, दोन एका मोठ्या हिमवादळाच्या वेळचे आणि एकाचं कारण सापडलंच नाही. रोगाचं नाव जंतू सापडल्यावरच ठरतं.

पहाटवारा

नाव ठरवायला प्रयोगशाळाच हवी, मान्य. पण प्रयोगशाळा विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देते. अमेरिकेतलं मिलवॉकी शहर, १९९३. नळाच्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब घडवणारा परजीवी जंतू पसरला, अंदाजे ४ लाख ३ हजार लोक आजारी पडले. ५ एप्रिलला राज्याच्या आरोग्य खात्याला खबर गेली ती पोटाच्या तक्रारींची आणि कामावर, शाळेत न आलेल्या लोकांची. जंतूचं नाव ७ तारखेला कळलं. या जंतूची चाचणी तेव्हा नेहमीच्या तपासणीत होतच नव्हती. आधी कुणीतरी "आज माणसं जास्त आजारी दिसताहेत" असं म्हणावं लागतं.

सूक्ष्मदर्शी

मिलवॉकीचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. जुलाब झाले म्हणून किती जण रुग्णवाहिका बोलावतात? बहुतेक घरीच राहिले. तुमच्या कंट्रोल रूमला ती साथ फार पुसट दिसली असती.

पहाटवारा

हा मुद्दा बरोबर आहे. पोटाच्या साथींसाठी हे साधन कमजोर आहे. मी श्वसनाच्या आणि अचानक गंभीर होणाऱ्या आजारांपुरतंच म्हणतो.

रात्रपाळी

मी कंट्रोल रूममध्येच बसतो, म्हणून लिहितो. पलीकडे बाई रडत असते, मागे कुणीतरी ओरडत असतं, आणि मला काही सेकंदांत कोड निवडायचा असतो. तो कोड म्हणजे निदान नव्हे. कुठली गाडी, किती घाईने पाठवायची, यासाठी असतो. आमच्याकडे एकदा प्रश्नांचा क्रम बदलला आणि "श्वासाचा त्रास" एका रात्रीत वाढला. आठवड्याने वरून विचारणा झाली, तुमच्या भागात काही पसरलंय का? पसरलं काहीच नव्हतं, फक्त प्रश्न आधी आला होता. आकडे घ्या, पण आम्ही काय बदललं ते विचारत जा. आणि कृपा करून अजून एक प्रश्न वाढवू नका. तेवढ्या वेळात छाती दाबायला शिकवता येतं.

पहाटवारा

एकही प्रश्न वाढू नये, हे मला शंभर टक्के पटतं. बदलाची नोंद आकड्यांसोबत जायला हवी, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

उंबरठा

माझी हरकत वेगळी आहे. माहितीच्या गोपनीयतेवर संशोधन करणाऱ्या लतान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवलं की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावर अमेरिकेतली अंदाजे ८७ टक्के माणसं एकमेवपणे ओळखता येऊ शकतात. नाव काढलं की माणूस लपला, असं होत नाही. "या गल्लीत आजार आहे" हे एकदा बाहेर पडलं की त्या गल्लीतल्या लोकांना काम मिळत नाही, त्यांच्या मुलांशी कुणी खेळत नाही. मग लोक फोनच करणार नाहीत. घाबरलेल्या माणसाचा तो शेवटचा फोन आहे, त्याच्यावर पाळत असल्याची शंकाही येता कामा नये.

पहाटवारा

विभाग, वयोगट, तक्रारीचा प्रकार आणि तारीख. याहून जास्त काही बाहेर जाऊ नये. गल्ली नकोच.

झरोका

कोविडच्या सुरुवातीचं इटलीतलं लोम्बार्डी कुणी आठवलं नाही. २१ फेब्रुवारी २०२० पासूनच्या ४० दिवसांत तिथल्या लोदी, क्रेमोना, पाविया आणि मांतुआ या प्रांतांत रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडल्याच्या ३६२ घटना नोंदल्या गेल्या. आदल्या वर्षी त्याच दिवसांत २२९ होत्या. कोविड चाचणीच्या आकड्यांत न आलेली माणसं या नोंदीत दिसली.

सूक्ष्मदर्शी

दिसली, पण मेल्यावर. याला इशारा म्हणत नाहीत. आता एक हिशोब करा. ४० विभाग आणि ३ प्रकारच्या तक्रारी, म्हणजे रोज १२० आलेख. प्रत्येकाला शंभरात एक चुकीचा इशारा धरला तरी साथ नसताना रोज एकाहून जास्त खोटे इशारे. महिनाभराने ते कोण उघडून बघेल?

पहाटवारा

म्हणूनच एका दिवसाच्या उसळीवर धावू नये. सलग दोन-तीन दिवस आणि शेजारच्या विभागातही वाढ असेल, तरच फोन करायचा. तरीही खोटे इशारे येतील. प्रत्येक वेळी एका माणसाचा अर्धा तास जाईल. मला तो सौदा परवडतो.

सूक्ष्मदर्शी

मला अर्ध्या तासाची चिंता नाही. फोन झाल्यावर नमुना कोण घेणार ते सांगा. गाडीतला माणूस रुग्णाच्या घरात उभाच असतो. त्याने घशाचा नमुना घेतला आणि तो त्याच दिवशी माझ्या टेबलावर आला, तर मी या योजनेला विरोध करणार नाही. नुसता आलेख असेल तर करेन.

रात्रपाळी

आणि उलट्या बाजूनेही वाट हवी. एकाच इमारतीतून रात्रीत तीन फोन आले तर ते संगणकाच्या आधी माझ्या लक्षात येतं. मी शिफ्ट इनचार्जला सांगतो. त्याने पुढे कुणाला सांगायचं, ते त्यालाही माहीत नाही.