बोटं दुखतात म्हणून महाग गिटार?
कुणीतरी म्हटलंय की स्वस्त गिटारवर बोटं सोलतात, म्हणून सुरुवातच महागड्याने करावी. पटलं नाही. दुखण्याचं कारण बहुतेक वेळा किंमत नसून फ्रेटपासून (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून) तारांची उंची असते. अकूस्टिकवर (विजेशिवाय वाजणाऱ्या गिटारवर) बाराव्या फ्रेटपाशी जाड ई (सर्वांत जाड तार) २.५ मिमी आणि बारीक ई (सर्वांत बारीक तार) २ मिमीच्या आसपास उंच हवी. अर्धा मिमी कमी करायची तर सॅडल (पेटीवर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) खालून एक मिमी घासायचं, एकदम नाही, थोडं थोडं.

स्वस्तात खरी बोंब नटची असते, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांत बसतात त्या पट्टीची. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवरची फट बघा, केसाएवढीच हवी. जास्त असेल तर एफ कॉर्ड (पहिल्या फ्रेटवर एकाच बोटाने अनेक तारा दाबून वाजवायचा सुरांचा मेळ) काही केल्या वाजत नाही आणि पहिल्या फ्रेटचे सूर चढे लागतात. शिकणारा मात्र स्वतःलाच दोष देत बसतो! तारा १०च्या सेटच्या (सर्वांत बारीक तार ०.०१० इंचाची, म्हणजे पातळ) लावा, फरक लगेच कळेल.

मान पिळलेली असेल तर ती गिटार घेऊच नका.

व्यावसायिकांना स्वस्त गिटार चालते का म्हणाल, तर स्वस्त इलेक्ट्रिकचे फ्रेट समतल असले की पिकअप (तारांची कंपनं टिपणारे चुंबकी भाग), ट्यूनर (तार ताणायच्या खुंट्या) बदलून ती स्टेजवर खुशाल चालते. अकूस्टिकला ही सोय नाही, आवाज जिच्यावर ठरतो ती पेटीची वरची फळी, म्हणजे प्लायवूडचा टॉप, बदलणार कसा?