नवरदेव म्हणजे कोण?

कवी भा. रा. तांबे यांच्या ‘नववधू प्रिया, मी बावरते’ या कवितेतला नवरदेव कोण, यावर इथे चर्चा चाललीय. एकांनी लिहिलंय की ही साधी लग्नाची कविता आहे, मृत्यूचा अर्थ तिच्यावर लोकांनी लादला. पुण्यातल्या मंगल कार्यालयांत पाठवणीच्या वेळी ती हमखास लागते, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण ‘मला येथला लागला लळा’ म्हणणारी ही वधू शेवटी सासरला ‘खरे घर’ म्हणते. तुजवाचून संसार फुका, असंही ती नवरदेवाला म्हणते. हे सगळं नव्या नवऱ्याला जरा जडच जातं, नाही का?

दुसऱ्या प्रतिसादात नवरदेव म्हणजे यम, वधू सोडून निघते ती माहेरची बाग म्हणजे देह, असा तक्ता मांडलाय. हे परीक्षेच्या गाईडसारखं झालं. बागेला बागच राहू द्यावं, तरच ती सोडतानाचं चरचरणं पोचतं.

मला यातली खरी गंमत वेगळीच वाटते. एकनाथांचा अभंग आठवा: ‘माझे माहेर पंढरी’. तिथे देवाचं गाव माहेर आहे. तांबे हे उलटं करतात. इथे जग माहेर आणि देव सासर. कबीराच्या नावावरच्या हिंदी पदांतही ‘नैहर’, म्हणजे माहेर, हे जगच असतं. तांब्यांचं आयुष्य ग्वाल्हेर-माळव्याकडे गेलं, तेव्हा ही पदं त्यांच्या कानावर असणारच, असा माझा अंदाज. या उलथापालथीमुळेच भीतीला जागा मिळते. माहेरी जायला कोण बावरतं?