दादाभाई नौरोजींच्या व्यापाराचा त्यांच्या राजकारणाशी संबंध होता का?

धरमपेठकर:
आमच्या वाचनमंडळात पुढील महिन्यात मला दादाभाईंवर बोलायचे आहे. 1892 साली ब्रिटिश संसदेत निवडून येण्यापूर्वी ते इंग्लंडमध्ये कापसाचा व्यापार करीत होते, ही गोष्ट बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकली जाते. तो व्यापार केवळ पोटापाण्यापुरता होता, की त्यांच्या विचारांवर त्याचा काही ठसा उमटला?

इतवारीचा मुनीम:
माझ्या मते ठसा फार मोठा आहे. 1855 साली एल्फिन्स्टनमधील प्राध्यापकी सोडून ते कामा कंपनीचे भागीदार म्हणून इंग्लंडला गेले. मात्र अफू आणि मद्याच्या व्यवहारातला नफा मनाला पटेना, तेव्हा ते बाहेर पडले आणि 1859 साली त्यांनी स्वतःच्या नावाची पेढी काढली. माझे आयुष्य खतावण्या लिहिण्यात गेले, त्यामुळे मला तसे वाटत असेलही, पण हिंदुस्थानातून जितका माल बाहेर जातो तितका मोबदला परत का येत नाही आणि ही तूट कोणाच्या खाती जमा होते, हा प्रश्न गादीवर बसलेल्या माणसालाच इतक्या नेमकेपणाने सुचतो. इंग्रज अधिकाऱ्यांचे पगार, त्यांची निवृत्तिवेतने आणि लंडनमधील कारभाराचा खर्च ही त्यांनी त्या तुटीची उत्तरे म्हणून दाखवली.

महालकर:
मुनीमजींच्या म्हणण्याला आपल्याच भागातून पुरावा मिळतो. दादाभाईंनी 1867 ते 1870 या काळासाठी प्रांतवार हिशेब मांडला, त्यात नागपूर ज्याची राजधानी होते तो मध्यप्रांतही होता. लागवडीखालील क्षेत्र, एकरी उत्पन्न आणि बाजारभाव हे आकडे त्यांनी सरकारी अहवालांतूनच घेतले, त्यामुळे सरकारला ते सहज झटकता येईनात. देशाचे दरडोई वार्षिक उत्पन्न सरासरी 20 रुपये निघाले, आणि तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार स्वतः त्याहून अधिक खर्च करीत होते.

धरमपेठकर:
हे मला ठाऊक नव्हते, आभारी आहे. परंतु निवडणूक जिंकायला खतावणी पुरत नाही. ते निवडून कसे आले?

महालकर:
पहिल्यांदा आलेच नाहीत. 1886 साली होबर्न मतदारसंघात ते पडले. 1888 साली पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनी त्या पराभवाचा उल्लेख करताना त्यांना 'काळा माणूस' म्हटले, आणि दादाभाईंचे नाव घरोघरी पोहोचवण्याचे काम प्रतिस्पर्धी पक्षाच्या नेत्यानेच करून टाकले. पुढे उदारमतवादी पक्षातर्फे सेंट्रल फिन्सबरीत ते हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मतांनी जिंकले. 1895 साली मात्र ती जागा गेली. त्यांना 'पहिले भारतीय खासदार' म्हणताना जरा जपून, कारण 1841 साली निवडून आलेल्या, मिश्र वंशाच्या डाइस सोम्बर यांचे नाव कोणीतरी हमखास काढेल.

धरमपेठकर:
मग सुरुवात कैद्याच्या खर्चापासूनच करतो. मुनीमजी, व्याख्यानाला आपण यावे, तुटीचा भाग आपणच समजावून सांगावा.